फाउस्तो कॉप्पी

अँजेलो फाउस्तो कॉप्पी (जन्म : कास्तेल्लानिया, इटली, १५ सप्टेंबर १९१९, मृत्यू : तोर्तोना, इटली, २ जानेवारी १९६०) हे इटलीचे जगप्रसिद्ध सायकलपटू होते. त्यांनी जिरो दितालिया ही इटलीची राष्ट्रीय शर्यत पाच वेळा आणि तूर द फ्रान्स ही शर्यत दोन वेळा जिंकली. या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारे ते पहिले सायकलपटू होत. घाटात आघाडी घेऊन उरलेले शंभर-दीडशे किलोमीटर एकट्याने कापणे ही त्यांची ख्याती होती. इटालियन लोक त्यांना 'कांपियोनिस्सिमो' म्हणजे विजेत्यांमधील सर्वश्रेष्ठ म्हणत.

जन्म आणि बालपण

कॉप्पी यांचे जन्मगाव कास्तेल्लानिया हे उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, तोर्तोना शहराजवळच्या टेकड्यांवर वसलेले छोटे खेडे आहे. या गावाच्या उत्तरेला पो नदीचे सपाट खोरे पसरले आहे. दक्षिणेला अपेनाइन पर्वताची रांग असून तिच्या पलीकडे लिगुरियाची चिंचोळी किनारपट्टी आणि भूमध्य समुद्र आहे. अपेनाइनमध्ये उगम पावणारी स्क्रिव्हिया नदी तोर्तोनावरून वाहत जाऊन पो नदीला मिळते. नदीकाठचे सपाट रस्ते, डोंगरातील चढण आणि पलीकडचा समुद्रकिनारा या तिन्ही प्रकारच्या रस्त्यांवर कॉप्पी यांची जडणघडण झाली.

वडील दोमेनिको आणि आई अँजिओलिना हे शेतकरी होते. पाच भावंडांत फाउस्तो चौथे होते. धाकट्या भावाचे नाव सेर्से. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती आणि शाळेत त्यांचे मन रमत नसे. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाइकांकडे सायकलवरून मांस पोहोचवणे हे त्यांचे काम होते. नोव्ही लिगुरे ते कास्तेल्लानिया हे सुमारे २० किलोमीटरचे चढउताराचे अंतरही ते सायकलनेच कापत. व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या, फाउस्तो हेच नाव असलेल्या त्यांच्या काकांनी शर्यतीच्या सायकलीसाठी पैशांची मदत केली.

काव्हान्ना यांचे मार्गदर्शन

नोव्ही लिगुरे येथे त्यांची बियाजो काव्हान्ना यांच्याशी गाठ पडली. पूर्वी मुष्टियोद्धा असलेले काव्हान्ना दृष्टी गेल्यानंतर खेळाडूंना मालिश करण्याचा व्यवसाय करीत. खेळाडूच्या स्नायूंना हात लावून त्याची क्षमता ओळखणारे म्हणून त्यांची कीर्ती होती. कॉप्पी यांची शरीरयष्टी प्रथमदर्शनी खेळाडूची वाटत नसे : पाय लांब व बारीक, छाती पुढे आलेली, चालणे अवघडल्यासारखे. मात्र ते सायकलवर बसले की हा बेढबपणा नाहीसा होई. काव्हान्ना यांनी त्यांचा सराव, आहार आणि विश्रांती यांना शिस्त लावली. हा संबंध कॉप्पी यांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

पहिला विजय आणि महायुद्ध

१९४० साली कॉप्पी लेन्यानो संघात दाखल झाले. संघाचे नायक जिनो बार्ताली होते आणि त्यांना साहाय्य करणे एवढीच कॉप्पी यांची जबाबदारी होती. त्या वर्षीच्या जिरोमध्ये तोरिनो ते जेनोवा या दुसऱ्या टप्प्यात, लिगुरियातील स्कोफ्फेरा घाट उतरताना बार्ताली एका कुत्र्यावर आदळून जखमी झाले. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात कॉप्पी यांनी अबेतोनेच्या चढणीवर आघाडी घेतली आणि अग्रस्थानाची गुलाबी जर्सी मिळवली. आल्प्समधील टप्प्यांत कॉप्पी थकून गेले असता बार्ताली यांनीच त्यांना धीर देऊन सोबत नेले. अशा रीतीने वयाच्या विसाव्या वर्षी कॉप्पी जिरोचे सर्वांत तरुण विजेते ठरले. शर्यत ९ जून १९४० रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी इटलीने महायुद्धात उडी घेतली.

सैन्यात असतानाच ७ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी मिलानच्या व्हिगोरेल्ली धावपट्टीवर एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. तो १९५६ साली फ्रान्सच्या झाक आंकतील यांनी मोडला. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियाच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याने कॉप्पी यांना कैद केले. ऐन उमेदीची दोन वर्षे युद्धबंदी म्हणून गेली. अखेरच्या काळात नेपल्सजवळच्या कासेर्ता येथे ते एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सेवेत होते. युद्ध संपल्यावर काही अंतर सायकलने आणि काही अंतर मिळेल त्या वाहनाने प्रवास करून ते घरी परतले. नोव्हेंबर १९४५ मध्ये जेनोवाजवळच्या सेस्त्री पोनेंते येथील ब्रूना चांपोलीनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४७ मध्ये त्यांना मारिना ही मुलगी झाली.

मिलान-सान रेमो, १९४६

१९०७ साली सुरू झालेली मिलान-सान रेमो ही एक दिवसाची शर्यत सुमारे २९० किलोमीटरची असते. मिलानहून निघालेले स्पर्धक पो नदी ओलांडून कॉप्पी यांच्या परिचयाच्या तोर्तोना-नोव्ही लिगुरे परिसरातून जात. पुढे स्तुरा नदीच्या खोऱ्यातून रस्ता ५३२ मीटर उंचीच्या तुर्किनो खिंडीकडे चढतो. खिंडीतील बोगदा पार केला की समुद्राकडे उतरण लागते. त्यानंतर किनाऱ्यालगतचा रस्ता मेले, चेर्व्हो आणि बेर्ता ही भूशिरे चढत-उतरत सान रेमोला पोहोचतो.

१९ मार्च १९४६ रोजी झालेली शर्यत युद्धोत्तर इटलीतील महत्त्वाची घटना मानली जाते. बियांकी संघाकडून उतरलेले कॉप्पी सुरुवातीपासूनच आघाडीच्या तुकडीत होते. तुर्किनोच्या चढणीवर फ्रान्सचे ल्युसियँ तेसेर तेवढे त्यांच्यासोबत उरले आणि तेही लवकरच मागे पडले. राहिलेले सुमारे १४५ किलोमीटर अंतर कॉप्पी यांनी एकट्याने कापले. तेसेर दुसरे आले, ते कॉप्पी यांच्यानंतर तब्बल १४ मिनिटांनी. रस्ते व पूल उद्ध्वस्त झालेल्या आणि पराभवाने खचलेल्या देशाला या विजयाने अभिमान वाटावा असे काहीतरी मिळाले. ही शर्यत त्यांनी १९४८ आणि १९४९ मध्येही जिंकली.

बार्ताली यांच्याशी स्पर्धा

युद्धानंतर कॉप्पी व बार्ताली वेगवेगळ्या संघांतून खेळू लागले आणि इटलीचे क्रीडारसिक दोन गटांत विभागले गेले. बार्ताली धर्मनिष्ठ कॅथलिक म्हणून, तर कॉप्पी नव्या, आधुनिक विचारांचे प्रतिनिधी म्हणून ओळखले जात. स्पर्धेचा अतिरेक १९४८ च्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत दिसला. नेदरलँड्समधील व्हाल्केनबुर्ग येथे दोघे केवळ एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटालियन संघटनेने दोघांवरही बंदीची कारवाई केली.

१० जून १९४९ रोजी जिरोच्या कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या टप्प्यात कॉप्पी यांनी पाच घाट पार करीत १९२ किलोमीटर अंतर एकट्याने कापले आणि बार्ताली यांना ११ मिनिटे ५२ सेकंदांनी मागे टाकले. कादंबरीकार दीनो बुझ्झाती यांनी वार्ताहर म्हणून या जिरोचे वृत्तांकन केले होते. त्याच वर्षीच्या तूर द फ्रान्समध्ये मात्र सायकल मोडल्यामुळे कॉप्पी फार मागे पडले आणि शर्यत सोडण्याच्या मनःस्थितीत होते. इटालियन संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांनी त्यांचे मन वळवले. पुढे पर्वतीय टप्प्यांत त्यांनी सर्वांना गाठले आणि शर्यत जिंकली. बार्ताली दुसरे आले.

सेर्से यांचा मृत्यू आणि पुनरागमन

सेर्से हेही सायकलपटू होते आणि बियांकी संघात भावाचे सहकारी होते. २९ जून १९५१ रोजी पीडमाँटच्या शर्यतीत तोरिनो शहरात ट्रामच्या रुळांमुळे ते पडले. ते उठून पुढे गेले. परंतु डोक्याला झालेल्या इजेमुळे त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. शांत व काहीशा निराश वृत्तीच्या फाउस्तो यांना विनोदी स्वभावाच्या सेर्से यांचा मोठा आधार होता. या आघातानंतर त्यांनी खेळ सोडण्याचा विचार केला होता.

१९५२ साली मात्र त्यांनी जिरो आणि तूर या दोन्ही शर्यती पुन्हा एकदा जिंकल्या. आल्प द्युएझ हा प्रसिद्ध चढ त्या वर्षी प्रथमच तूरमध्ये आला आणि तेथील पहिला विजय त्यांनी मिळवला. त्यांची एकूण आघाडी २८ मिनिटांहून अधिक होती. शर्यतीत चुरस राहावी म्हणून आयोजकांना पुढच्या क्रमांकांची बक्षिसे वाढवावी लागली. १९५३ मध्ये स्टेल्व्हिओ घाटात स्वित्झर्लंडच्या ह्युगो कोब्लेट यांना मागे टाकून त्यांनी पाचवा जिरो जिंकला. त्याच वर्षी लुगानो येथे ते विश्वविजेते झाले.

खाजगी जीवन आणि वाद

विवाहित असलेल्या जुलिया ओक्कीनी यांच्याशी कॉप्पी यांचे प्रेमसंबंध जुळले. वृत्तपत्रांनी त्यांना 'शुभ्रवस्त्रा' असे नाव दिले. त्या काळी इटलीत घटस्फोटाची तरतूद नव्हती आणि व्यभिचार हा गुन्हा होता. ओक्कीनी यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले. १९५५ मध्ये खटल्यात दोघांनाही शिक्षा झाली; मात्र ती स्थगित ठेवण्यात आली. त्यांचा मुलगा फाउस्तिनो याचा जन्म अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेस येथे झाला. काल-परवापर्यंत कॉप्पी यांचा जयजयकार करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांच्यावर टीका केली.

उत्तेजक द्रव्ये घेत असल्याचे कॉप्पी यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केले होते. त्या काळी सायकल शर्यतींत यावर बंदी नव्हती आणि त्यांचा वापर सर्रास होत असे.

अखेरचे दिवस

वय वाढले तरी कॉप्पी यांनी खेळणे थांबवले नाही. १९५५ चा जिरो त्यांनी अवघ्या १३ सेकंदांनी गमावला. १९६० च्या हंगामात बार्ताली यांच्या व्यवस्थापनाखालील संघातून उतरण्याचे त्यांनी ठरवले होते.

डिसेंबर १९५९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा (आताचे बुर्किना फासो) येथे प्रदर्शनीय शर्यतीसाठी काही युरोपीय सायकलपटू गेले होते. तेथून परतल्यावर कॉप्पी आणि फ्रान्सचे राफाएल जेमिनियानी हे दोघेही तापाने आजारी पडले. फ्रान्समध्ये रक्ततपासणीत मलेरियाचे निदान होऊन जेमिनियानी क्विनाइनमुळे वाचले. त्यांच्या कुटुंबीयांनी ही माहिती इटलीत कळवली. परंतु कॉप्पी यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी ती विचारात घेतली नाही. औषधाने बरा होऊ शकणाऱ्या या रोगाने २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथील रुग्णालयात वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती

* कास्तेल्लानिया येथे फाउस्तो आणि सेर्से या बंधूंची समाधी एकत्र आहे.
* १९६५ पासून जिरोमधील त्या-त्या वर्षीच्या सर्वोच्च ठिकाणाला 'चिमा कॉप्पी' म्हणजे कॉप्पी शिखर असे नाव दिले जाते.
* नोव्ही लिगुरे येथे सायकलपटूंचे संग्रहालय आहे.
* २०१९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, गावाचे अधिकृत नाव कास्तेल्लानिया कॉप्पी असे करण्यात आले.

प्रमुख विजय

* जिरो दितालिया : १९४०, १९४७, १९४९, १९५२, १९५३
* तूर द फ्रान्स : १९४९, १९५२
* मिलान-सान रेमो : १९४६, १९४८, १९४९
* जिरो दि लोंबार्दिया : १९४६, १९४७, १९४८, १९४९, १९५४
* पॅरिस-रूबे : १९५०
* रस्त्यावरील शर्यतीचे विश्वविजेतेपद : १९५३