आगरकर आणि विद्यालयाची मालकी

महाराष्ट्राने गोपाळ गणेश आगरकरांना समाजसुधारक म्हणून लक्षात ठेवले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या आयुष्याचा मुख्य व्यवसाय शिक्षकाचा होता, याचे विस्मरण मात्र होऊ लागले आहे. लेखणीने त्यांनी बालविवाह, केशवपन आणि अंधश्रद्धा यांवर प्रहार केले. पण ती लेखणी हाती धरणारा मनुष्य लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका महाविद्यालयात शिकवीत होता. विद्यासंस्था चालवावयाची तर पैसा लागतो. हा पैसा देणाऱ्याचा किंवा जमविणाऱ्याचा संस्थेतील अध्यापकाच्या विचारांवर किती हक्क पोचतो, हा प्रश्न आज सर्वांना भेडसावीत आहे. आगरकरांपुढे तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उभा राहिला होता.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. आजोळी कऱ्हाडात राहून शिक्षण, मग कचेरीत उमेदवारी, पुढे शिकण्याच्या ओढीने रत्नागिरीपर्यंत पायपीट, असा त्यांचा प्रवास झाला. अखेर त्यांना आश्रय मिळाला तो वऱ्हाडात. अकोल्याच्या शाळेत ते शिकले आणि १८७५ मध्ये तेथूनच मॅट्रिक झाले. तेथील मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या मुलातील तेज ओळखले आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याला मदतीचा हात दिला. आगरकर पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी घालावयाचा, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते. एका शिक्षकाने कोणत्याही परतफेडीची अपेक्षा न धरता एका विद्यार्थ्याला उभे केले, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याची गुरुकिल्ली आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळे. हलाखीत वाढलेल्या मुलाने ती पत्करली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. आगरकरांनी आपल्या आईला कळविले ते निराळेच. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सारा वेळ लोकांच्या हितासाठी घालविण्याचा आपला निश्चय आहे, अशा आशयाचे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. होताच आगरकर त्या शाळेत आले. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि त्याचे पहिले संपादकत्व त्यांच्याकडे आले. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावरील लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळकांसह त्यांना कारावास भोगावा लागला. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. लिहिण्याची किंमत किती असते, हे त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षीच कळून चुकले होते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेची घटना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. देणगी देणारे होते दक्षिणेतील संस्थानिक, सरदार आणि गव्हर्नर. ज्यांचे नाव महाविद्यालयास दिले गेले त्या सर जेम्स फर्ग्युसन यांनी १२०० रुपये दिले होते. तथापि, संस्थेचा दैनंदिन कारभार देणगीदारांच्या हाती नव्हता. तो होता आजीव सदस्यांच्या, म्हणजेच वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन पत्करून दरमहा सुमारे ७५ रुपयांवर शिकविणाऱ्या अध्यापकांच्या हाती. शिकविणारेच संस्थेचे चालक होते. संस्थेच्या नफ्यावर कोणाचा हक्क नव्हता, कारण नफा ही कल्पनाच तेथे नव्हती. देणगीदाराला मान मिळे. अध्यापकाच्या मनावर मालकी मिळत नसे.

असे असले तरी स्वातंत्र्य आपोआप मिळत नाही, हा अनुभव आगरकरांना लवकरच आला. सामाजिक सुधारणेवरील त्यांची मते 'केसरी'च्या सहकाऱ्यांना मानवेनात. वाचकवर्ग दुखावला जातो, हीही अडचण होतीच. मतभेद वाढत गेले आणि १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. पुढील वर्षी, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी स्वतःचे 'सुधारक' पत्र काढले. इंग्रजी विभागाची जबाबदारी तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी घेतली. गाठीशी भांडवल नव्हते, आणि बोचरे सत्य विकत घेणारा ग्राहक थोडा. पुण्यात आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. तरीही वर्गात इतिहास आणि तर्कशास्त्र शिकविणारा अध्यापक आणि 'सुधारक'चा संपादक हे दोन्ही आगरकर एकाच देहात नांदत राहिले.

सोसायटीतील वाद याच सुमारास विकोपास गेला. तो केवळ सुधारणेवरून झाला असे मानणे अपुरे आहे. त्याला पैशाचीही बाजू होती. आजीव सदस्याने बाहेरचे कोणतेही उत्पन्न घेऊ नये, सारा वेळ आणि सारी कमाई संस्थेची मानावी, अशी टिळकांची कडक भूमिका होती. अपुऱ्या वेतनात संसार चालवून कोणी पुस्तके लिहिली, सार्वजनिक कार्य केले, तर त्याला आडकाठी नसावी, असे आगरकर व गोखले यांच्या बाजूचे म्हणणे होते. इंदूरच्या होळकरांनी लेखनास उत्तेजन म्हणून दिलेली रक्कम व्यक्तीची की संस्थेची, यावरूनही खडाजंगी झाली. अखेर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. दोन जिवलग मित्रांची ताटातूट झाली.

या वादात एका बाजूला त्याग आणि दुसऱ्या बाजूला स्वार्थ होता, असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. टिळकांना भीती होती ती संस्थेत व्यक्तिगत कमाईचा शिरकाव होण्याची. ती भीती निराधार नव्हती, हे पुढील काळाने पुरेपूर दाखविले. आगरकरांना भीती होती ती संस्थेने व्यक्तीला गिळून टाकण्याची. शिक्षकाचा वर्गातील वेळ संस्थेचा. त्याची बुद्धी मात्र संस्थेची मिळकत नव्हे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. दोघांनाही विद्येचा बाजार नको होता. बाजार टाळण्याचे मार्ग मात्र भिन्न होते.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्याच्या मतांनी सनातनी समाज संतप्त झाला होता, त्याच्याच हाती लोकाश्रयावर जगणारे महाविद्यालय सोपविण्यात आले, ही गोष्ट त्या अध्यापक मंडळाला भूषणावह आहे. ज्यांना रोज त्यांच्याबरोबर काम करावयाचे होते, निर्णय त्यांच्या हाती होता. केवळ देणगीची वही पाहून तो झाला असता, तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. आगरकरांनी 'सुधारक' बंद केला नाही. दम्याने पोखरलेले शरीर घेऊन ते काम करीत राहिले. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्षही पुरे होण्याआधी, ते गेले. स्वतःच्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी उशाशी वीस रुपयांची पुरचुंडी बांधून ठेवली होती, असे सांगतात. एका प्राचार्याची ही शिल्लक!

आगरकरांसारख्या दारिद्र्याची आज कोणी अपेक्षा करू नये. निर्धनता हा स्वातंत्र्याचा पाया होऊ शकत नाही. उपाशी शिक्षक फार काळ निर्भय राहत नाही. आगरकरांना ७५ रुपयांत निर्भय राहता आले, कारण त्यांना काढून टाकणारा मालक नव्हता. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले, तेथपासून मालकीचा हा प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. शिक्षणसंस्था काढणे हाही घटनेने मान्य केलेला उद्योग आहे. मात्र त्यात नफेखोरी आणि देणगी-शुल्क यांना स्थान नाही, असे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. नियम झाले, समित्या आल्या. पण ज्याची नेमणूक तासिका तत्त्वावर, ज्याची पुढील वर्षाची भाकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर, त्या अध्यापकाने वर्गात कोणते मत मांडावे हे कोणत्या समितीने ठरवावयाचे?

ज्या १९८३ साली हे दार उघडले, त्याच साली १ मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातील मुलांसाठी विद्यापीठ जवळ आले. बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या गावातून निघणाऱ्या मुलाला आता आगरकरांसारखी पायपीट करावी लागत नाही. त्याला लागते ते शुल्क, आणि भेटावा लागतो तो एखादा महाजनी. शुल्काची तजवीज शिष्यवृत्तीने अथवा कर्जाने होईलही. परंतु विद्यार्थ्यातील तेज ओळखून त्याला निर्भयपणे विचार करावयास शिकविणारा शिक्षक कर्जाने मिळत नाही. तो टिकवावयाचा असेल तर विद्यालयाच्या कारभारात शिकविणाऱ्याचा शब्द पुन्हा वजनदार झाला पाहिजे. फर्ग्युसनच्या त्या अध्यापकांनी ते तुटपुंज्या साधनांनिशी करून दाखविले होते. आज साधने पुष्कळ आहेत. वाण आहे ती त्या निश्चयाची.