नगरनिर्माता मलिक अंबर

राजाज्ञेने नगर वसते. परंतु ते टिकते पाण्याने. हे मर्म जाणणाऱ्या मलिक अंबराचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे सादर करीत आहोत.

हबशाणात जन्मलेला हा पुरुष गुलाम म्हणून विकला जाऊन दक्षिणेत आला आणि स्वकर्तृत्वाने निजामशाहीचा कारभारी झाला. सन १६१० मध्ये खाम नदीकाठच्या खडकी येथे त्याने नवे नगर वसविले. मराठा सरदारांच्या नावांवरून तेथे मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशा वस्त्या उभ्या राहिल्या.

सन १६१६ मध्ये आपल्या जालन्याजवळील रोशनगावी मोगलांनी त्याचा पराभव केला. विजयी सैन्याने खडकीत शिरून नगराची राखरांगोळी केली. सहा वर्षांचे श्रम वाया गेले. तथापि अंबराने खडकी सोडली नाही, ती पुन्हा उभारली. डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर, जमिनीखालील नहरीतून, त्याने घरोघरच्या उपयोगास आणले.

सन १६२६ मध्ये तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. खडकीचे फतेहनगर, औरंगाबाद आणि सन २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटली, राजवटी गेल्या. नहर-ए-अंबरी मात्र शतकानुशतके नगराची तहान भागवीत राहिली.

आज जालना शहरास जायकवाडीहून पाणी आणावे लागते. येथील औद्योगिक वसाहतीत भट्ट्या पेटविणाऱ्या आमच्या तरुण बांधवांनी या चरित्राचे मनन करावे आणि कारखान्याचा पाया खणण्यापूर्वी पाण्याची तजवीज करावी, एवढीच आमची विनंती आहे.