बर्फातला संसार

सियाचीन हे नाव आज आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान तेथे पाय रोवून उभे आहेत. पण त्याच्याही बहात्तर वर्षे आधी, १९१२ च्या उन्हाळ्यात, त्रेपन्न वर्षांची एक अमेरिकन बाई आपल्या पासष्टीच्या नवऱ्यासह त्याच हिमनदीवर तंबू ठोकून राहिली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? त्या फॅनी बुलक वर्कमन यांच्याविषयी मला लिहायचे आहे.

फॅनीबाईंचा जन्म ८ जानेवारी १८५९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर गावचा. घर गडगंज, वडील पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. अशा घरातील मुलीने पुढे काय करायचे ते ठरलेलेच असते. स्थळही चांगले मिळाले. १८८२ मध्ये बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण या डॉक्टरांना डोंगरांचे वेड! उन्हाळा आला की ते पत्नीला घेऊन न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्सकडे निघत. तेथल्या गिर्यारोहण मंडळांत स्त्रियांना मज्जाव नव्हता. माउंट वॉशिंग्टनच्या वाटा बाईंनी अनेकदा तुडवल्या.

१८८९ मध्ये डॉक्टरांनी प्रकृतीच्या कारणाने व्यवसाय सोडला आणि बिऱ्हाड जर्मनीत हलवले. मुलगी रेचेल दाया आणि वसतिगृहाच्या शाळा यांच्या हवाली झाली. धाकटा सिगफ्रीड १८९३ मध्ये लहानपणीच गेला. त्यानंतर नवराबायको जे बाहेर पडले ते घरी असे फारसे परतलेच नाहीत. आपल्या मनाला हे खटकते, मलाही खटकले. मात्र डॉक्टरांनी मुलीला का सोडले, असे कोणी विचारत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आधी सायकली आल्या. अल्जीरिया, स्पेन, आणि १८९७ नंतर सिलोन व हिंदुस्थान. हँडलला चहाची किटली टांगलेली, अंगात लांब झगा, आणि समोर आपल्याकडचे त्या काळचे रस्ते! १८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातली काहिली सोसवेना म्हणून दोघे काश्मीर-लडाखकडे वळले आणि हिमालयाच्या नादी लागले ते कायमचे. १९१२ पर्यंत त्यांनी आठ मोहिमा केल्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या दोघांची कामाची वाटणी. एका वर्षी शिधा, हमाल, मार्गदर्शक यांची सारी व्यवस्था बाईंकडे, तर छायाचित्रे आणि शास्त्रीय नोंदी डॉक्टरांकडे. पुढच्या खेपेस नेमके उलटे. प्रवासाची पुस्तके दोघांच्या नावाने निघत. मागे एका दुर्गभ्रमण मंडळाच्या मुक्कामी सहलीसाठी मी नाव दिले, तेव्हा मुलींनी स्वयंपाकाचे पाहावे असे आधीच ठरून गेले होते. त्या रात्री मला या वाटणीची फार आठवण झाली.

१९०६ मध्ये नून-कून पर्वतसमूहात त्यांनी सुमारे २१ हजार फुटांवर मुक्काम केला. तेवढ्या उंचीवर विरळ हवेत झोप लागत नाही, अन्न नकोसे होते. तरीही सत्तेचाळीस वर्षांच्या बाई पिनॅकल पीकवर पोहोचल्या. शिखराची आजची मोजणी ६,९३० मीटर आहे. त्यांनी मात्र ती बरीच जास्त सांगितली होती. स्त्रियांमधला उंचीचा हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. दोन वर्षांनी ॲनी पेक यांनी पेरूमध्ये त्याहून उंच शिखर गाठल्याचा दावा केला. तेव्हा बाईंनी १३ हजार डॉलर खर्चून फ्रेंच सर्वेक्षक पाठवले आणि ते शिखर ठेंगणे असल्याचे सिद्ध केले! हट्ट म्हणावा तर असा.

याच हट्टाची काळी बाजूही आहे. ओझी वाहणाऱ्या हमालांशी त्यांचे वागणे कडक आणि तुसडे होते. हमाल काम सोडून जात, की बाई त्यांनाच दोष देत. डोक्यावर शिधा आणि पायांत धड जोडे नसलेल्या माणसांना बर्फ कसा वाटत असेल, याचा विचार त्यांच्या लेखनात फारसा दिसत नाही. गव्हर्नरांची लेक, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी. तिला हे कसे दिसले नाही, याचे उत्तर मला सापडत नाही.

सियाचीनच्या मोहिमेत ग्रँट पीटरकिन आणि सर्जन सिंग या सर्वेक्षकांनी उत्तम नकाशा तयार केला. बाईंच्या अगदी जवळून चालणारा इटालियन चेझारे शेनोझ भेगेत कोसळून मरण पावला. मोहीम थांबली नाही. सुमारे २१ हजार फुटांवरच्या हिमपठारावर बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारे वृत्तपत्र हातात उघडे धरून छायाचित्र काढून घेतले. अमेरिकेतील स्त्रियांना तो अधिकार देशभर मिळाला १९२० मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच.

२२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान येथे फॅनीबाईंचे निधन झाले. डॉक्टर नव्वदी गाठून १९३७ मध्ये गेले. दोघांचे एकत्र स्मारक वुस्टरला आहे. मागे राहिलेली रेचेल भूगर्भशास्त्रज्ञ झाली. बाईंनी मृत्युपत्रात १ लाख २५ हजार डॉलर ठेवले होते, ते रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या मुलींच्या चार महाविद्यालयांना मिळाले.