कृपा, श्रद्धा आणि धीर : लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन

नाताळचा सण आला, की ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर तारकांचे कंदील झळकू लागतात आणि शेजारधर्म पाळणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. सणाचा गोडवा आपल्याला ठाऊक असतो. त्यामागील शिकवणीचा परिचय मात्र बेताचाच असतो. ईश्वराची कृपा, त्या कृपेवरील श्रद्धा आणि त्या श्रद्धेतून येणारा धीर, हे तीन शब्द ख्रिस्ती धर्मोपदेशाच्या गाभ्याशी आहेत. त्यांचा अर्थ ग्रंथांतून समजावून घेण्यापेक्षा एखाद्या जीवनातून समजावून घेणे सोपे जाते. आजच्या दिवशी आम्ही वाचकांपुढे असेच एक जीवन ठेवीत आहोत. ते आपल्याच मातीत, आपल्याच आचारविचारांच्या घरात उगवले. ते जीवन लक्ष्मीबाई टिळकांचे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठी वसलेल्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याची कडकता इतकी पराकोटीची होती, की बाहेरून आलेल्या वस्तूला पाण्याचा स्पर्श झाल्यावाचून ती सहसा घरात यावयाची नाही. शुचिर्भूततेच्या त्या धाकात मुलांचे बालपण आणि घरच्या गृहिणीचे आयुष्य अक्षरशः भिजून गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिले, तेव्हा त्यात वडिलांविषयी कडवटपणाचा लवलेशही नव्हता. स्वतःच्या दुःखाकडे हसून पाहण्याची ही शक्ती त्यांना जन्मतःच लाभली होती, असे आम्हांस वाटते.

१८८० साली, अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या वयात, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक मूळचे कोकणातील करजगावचे. वृत्तीने कवी, बुद्धीने तेजस्वी आणि स्वभावाने विलक्षण चंचल. आज येथे, उद्या तेथे. मनात आले की घर सोडून निघावे आणि मनात आले की परतावे. हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याचा भरवसा नसे, कारण वाटेत कोणी गरजू भेटला की त्यांचा हात आपोआप मोकळा होई. अशा पुरुषाचा संसार सांभाळणे म्हणजे वाऱ्यावर दिवा धरण्यासारखे होते. त्यातच काही अपत्ये बालवयातच दगावली. तरीही टिळकांनीच पत्नीच्या हाती अक्षरे दिली. शाळेचे तोंडही फारसे न पाहिलेली ही स्त्री त्या तुटपुंज्या अक्षरज्ञानावर पुढे मराठी साहित्यात अजरामर झाली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांना एक प्रवासी भेटला आणि त्याने बायबलमधील नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. शोधक मनाला तेथून निराळी दिशा लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची भावना होती आणि पुढे त्यांनी ख्रिस्तभक्ती गायिली तीही अभंगांच्याच रूपाने.

परंतु टिळकांना जी वाट प्रकाशाची वाटली, ती त्यांच्या पत्नीला त्या क्षणी काळोखाची वाटली. लक्ष्मीबाई आप्तांच्या घरी असताना ही वार्ता येऊन थडकली. पती जिवंत असून त्यांच्यापासून दूर. कपाळी कुंकू असून संसार नाही. पदरी लहानगा दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा स्त्रीची जी अवस्था होई, तिची कल्पना आमच्या वडीलधाऱ्या वाचक भगिनींना सहज करता येईल. आप्तांनी त्यांना अंतर दिले नाही, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे. बहिणीच्या मायेने त्यांना सावरले. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. याच वियोगाच्या दिवसांत त्यांच्या दुःखाला शब्द फुटले आणि त्या कविता करू लागल्या.

सुमारे साडेचार-पाच वर्षांनी त्या पतीकडे अहमदनगरला गेल्या, परंतु आपला धर्म घेऊनच गेल्या. ज्या घरात पती ख्रिस्ती, त्याच्या सान्निध्यात पत्नीचे बिऱ्हाड वेगळे, चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी आग्रह केला नाही, वाट पाहिली. या वाट पाहण्याचे मोल आम्हांस फार मोठे वाटते. स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय एकट्याने घेणाऱ्या त्या पुरुषाने पत्नीच्या श्रद्धेवर मात्र हात ठेवला नाही.

लक्ष्मीबाईंच्या मनातील पहिला बदल देवाच्या नावाविषयी झालाच नाही. तो माणसाविषयी झाला. एकाच ईश्वराने सारी माणसे निर्माण केली असतील, तर उच्चनीच भेद त्याने केला की आपण, हा प्रश्न त्यांच्या मनाला लागला आणि उत्तर एकदा पटल्यावर त्यांनी स्पर्शास्पर्शाचा विचार सोडून दिला. ज्या मुलीचे बालपण सोवळ्याच्या पाण्यात गेले, तिच्या दृष्टीने ही उडी समुद्र ओलांडण्याएवढी होती. धर्मांतराचा विचार पुढे आला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

येथे ख्रिस्ती उपदेशातील कृपा या कल्पनेचा थोडा विचार करावयास हवा. मनुष्याने पुण्याची रास रचली म्हणून ईश्वर प्रसन्न होतो, असे तो उपदेश मानीत नाही. ईश्वराचे प्रेम आधी येते, ते अयाचित आणि विनामूल्य असते; येशू ख्रिस्ताचा जन्म, त्याचे जीवन आणि क्रूसावरील मरण ही त्या प्रेमाची साक्ष होय, अशी ख्रिस्ती जनांची धारणा आहे. त्या दानापुढे रिकामे हात पसरणे म्हणजे श्रद्धा. सत्कर्मे ही त्या दानाची किंमत नव्हेत. ती त्याची कृतज्ञ परतफेडही नव्हेत. झाडाला पाणी मिळाल्यावर जशी पालवी फुटते, तशी ती आपोआप फुटतात. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते, असा संत पौलाचा उपदेश आहे. संतांच्या अभंगांवर वाढलेल्या आपल्या घरांना कृपा हा शब्द परका नाही. ख्रिस्ती भाविक ती कृपा येशूच्या ठायी पाहतो, एवढा भेद लक्षात ठेवून आपण तिचा मर्मार्थ सहज जाणू शकतो.

लक्ष्मीबाईंनी या उपदेशावर व्याख्याने दिली असती, तर आज कदाचित त्यांचे स्मरण उरले नसते. त्यांनी तो चुलीपाशी आचरला. प्लेगच्या काळात त्या रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. अनाथ मुले त्यांच्या घरी आली आणि घरचीच झाली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा हळव्या मनाचा तरुण कवी नगरला टिळकांच्या घरी राहिला, तो त्यांना पुत्रासमान झाला. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्या कवीचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला. एका वर्षाच्या अंतराने या माउलीवर दोन आघात झाले.

साठवणीतला पैसा म्हणावा असा नव्हताच. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील या विधवेने मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली आणि पुन्हा परक्यांच्या लेकींची आई होऊन संसार मांडला. धीर म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणे नव्हे; आजचे काम आज करावे आणि उद्याचा भार ईश्वरावर सोपवावा, हा त्याचा अर्थ त्यांच्या दिनक्रमात दिसतो.

टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प केला होता. ‘ख्रिस्तायन’ या नावाच्या त्या ग्रंथाचे सुमारे दहा अध्याय होतात न होतात, तोच ते गेले. आपल्याला शास्त्र येत नाही, पांडित्य नाही, हे लक्ष्मीबाई जाणून होत्या. तरी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि पुढचे ६४ अध्याय रचले. पतीने हाती दिलेल्या अक्षरांचे ऋण त्यांनी असे फेडले. शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला.

देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यांच्या साह्यासाठी आठवणी सांगता सांगता लक्ष्मीबाईंच्या हातून ‘स्मृतिचित्रे’ सिद्ध झाली. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकाने धर्माचा विचार न करता ती हृदयाशी धरली. ज्यांनी दुखविले त्यांच्याविषयी त्यात राग नाही; ज्यांनी सोडले त्यांच्याविषयी तक्रार नाही; जुन्या घराविषयी तुच्छता नाही. क्षमा हा शब्द फारसा न उच्चारता पानोपानी क्षमा कशी नांदते, हे पाहावयाचे असेल तर तो ग्रंथ वाचावा. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी या जीवनयात्रेची समाप्ती झाली.

वाचकहो, लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, म्हणून त्यांचे जीवन आम्ही सांगितले नाही. आपण ज्या देव्हाऱ्यापुढे हात जोडतो, तो आपला आपल्यापाशी राहो. परंतु पाण्याच्या तांब्यावरून माणसाला दूर ठेवू नये, परक्याच्या लेकराला ऊन घास द्यावा, घरातल्या माणसाच्या श्रद्धेवर जुलूम करू नये आणि आघात झाला तरी हसू हरवू नये, या गोष्टी सर्वच देव्हाऱ्यांना प्रिय आहेत. शेजारच्या घरी नाताळचा दीप लागेल, तेव्हा गोदाकाठच्या या लेकीचे क्षणभर स्मरण करावे. त्या माउलीस आमचे विनम्र अभिवादन.