आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. १८८६ या एकाच वर्षी आनंदीबाईंनी अमेरिकेत आणि कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्यात वैद्यकीय अर्हता मिळवली. कादंबिनींनी पुढे दीर्घकाळ वैद्यकी केली. आनंदीबाईंना मात्र क्षयरोगामुळे ती सुरूही करता आली नाही.

पूर्वायुष्य

कल्याणच्या पारनाक्यावर राहणारे गणपतराव अमृतेश्वर जोशी यांच्या त्या कन्या. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह सुमारे वीस वर्षांनी मोठे असलेले बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. पत्नीने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता आणि त्यात जबरदस्तीचा भाग मोठा होता. गौरवपर लेखनात ही बाजू बहुधा झाकली जाते. आनंदीबाईंनी मात्र अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात लहानपणच्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा वैद्यकीय मदतीअभावी अवघे दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे हे दुःख होते.

गोपाळरावांनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणाबाबत लिहिलेले पत्र एका नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचून मदत देऊ केली. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात आनंदीबाईंनी भारतात स्त्री डॉक्टरांची गरज सांगितली आणि आपण हिंदू म्हणूनच परत येऊ असे आश्वासन दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या पतीशिवाय निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

वैद्यकीय शिक्षण

१८५० मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात त्यांना प्रवेश मिळाला. अधिष्ठाता रेचेल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ होत्या. नवशिक्या डॉक्टरला व्याख्यानांइतकीच रुग्णशय्येजवळच्या सरावाची गरज असते आणि स्त्रियांची अडवणूक नेमकी तेथेच होत असे. १८६९ मध्ये याच कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील प्रात्यक्षिकाला गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. त्यामुळे स्त्रियांनी स्वतःची रुग्णालये उभारली. फिलाडेल्फियात १८६१ मध्ये आणि बोस्टनमध्ये १८६२ मध्ये अशी रुग्णालये निघाली. पदवीनंतर आनंदीबाईंनी काही काळ बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेनमध्ये उमेदवारी केली.

त्यांच्या विद्यार्थिदशेचा काळ संसर्गाच्या कल्पनेला कलाटणी देणारा होता. बाळंतज्वर हा डॉक्टरांच्या हातांनी पसरतो, असे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये बोस्टनमध्ये मांडले होते. फिलाडेल्फियाचे प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीनंतर हा वाद हळूहळू मिटत गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रवेशाच्या जेमतेम दीड वर्ष आधी जाहीर केला. रोगाचे कारण कळले, तरी त्यावरील पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा संदेश पाठवला.

अखेर

थंड हवा आणि न मानवणारा आहार यांमुळे त्यांची प्रकृती अमेरिकेतच ढासळली होती. तेथेच क्षयाने त्यांना गाठले. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या, पण कोल्हापुरास रुजू होणे शक्य झाले नाही. पुण्यात वयाच्या बाविसाव्या वर्षात त्यांचे निधन झाले. दरम्यान, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ मध्येच स्त्रियांना प्रवेश खुला केला होता आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले होते. त्यामुळे पुढच्या विद्यार्थिनींना शिक्षणासाठी समुद्र ओलांडण्याची सक्ती उरली नाही.

कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकर यांनी १९१२ मध्ये मराठीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ही कथा घरोघर पोहोचवली. मात्र ती चरित्र नसून कादंबरी आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. आनंदीबाईंच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मृतिस्थळ आहे.