हायड्रोजनचे भाकीत करणारे हाल्डेन

जे. बी. एस. हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक. खाणीतल्या विषारी वायूंचा परिणाम ते स्वतःवरच तपासत. धोका आधी आपल्या अंगावर घ्यायचा, ही शिकवण मुलाने जन्मभर पाळली.

फेब्रुवारी १९२३ मध्ये केंब्रिज येथे, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी एक व्याख्यान दिले. 'डीडॅलस' या नावाने ते पुढे पुस्तकरूपाने निघाले. कोळसा व तेल संपल्यावर इंग्लंडभर पवनचक्क्या फिरतील आणि उरलेल्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून जमिनीखाली साठवला जाईल, असे भाकीत त्यांनी केले. मुदत दिली ४०० वर्षांची! त्याच व्याख्यानात, हवेतील नत्र पकडणारे शेवाळ माणूस प्रयोगशाळेत घडवील, अशीही कल्पना होती. या दोन कल्पना त्यांनी एकत्र मात्र आणल्या नाहीत.

त्यांना जोडणारा दुवा त्यांच्याच विभागात सापडला. केंब्रिजच्या जीवरसायन विभागात हाल्डेन काम करीत असताना, १९३१ मध्ये मार्जरी स्टीफनसन आणि लिओनार्ड स्टिकलंड यांनी जिवाणूंतील 'हायड्रोजनेज' हे विकर शोधले. अशाच विकरांच्या बळावर काही जिवाणू साखरेपासून हायड्रोजन तयार करतात. मात्र तयार झालेला वायू परत वापरून टाकणारी विकरेही त्यांच्यात असतात. आज शास्त्रज्ञ ई. कोलाय जिवाणूतील अशा विकरांची जनुके काढून टाकतात आणि उत्पादन वाढवतात. तरीही वायू थोडाच मिळतो, शिवाय प्राणवायू लागला की बहुतेक हायड्रोजनेज निकामी होतात. त्यामुळे हे इंधन अजून बाजारात परवडत नाही.

हाल्डेन यांनी उत्क्रांतीला गणिताची बैठक दिली. १९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, धोतर-कुडत्यात वावरू लागले आणि भारतीय नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

जन्मभूमी सोडून दुसरी भूमी आपली मानणे म्हणजे काय, हे आम्हा पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. या गणेशोत्सवात आम्ही त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो. त्यांनी दिलेली मुदत २३२३ सालची आहे. काम मात्र आपल्या मुलानातवंडांनाच पुढे न्यायचे आहे.