ओरिनोकोचा प्रवासी

अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका श्रीमंत घराण्यात झाला. दूरचे प्रदेश पाहावेत, तेथील वनस्पती, पर्वत आणि हवा यांचा अभ्यास करावा, ही ओढ त्याला बाळपणापासून होती. परंतु आईच्या इच्छेस मान देऊन तो सरकारी खाणखात्यात नोकरीस लागला. १७९६ मध्ये आई वारली, तेव्हा हाती आलेली संपत्ती त्याने प्रवासासाठी वेचण्याचे ठरविले. ५ जून १७९९ रोजी एमे बोंप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रासह तो स्पेनहून निघाला आणि सुमारे सहा आठवड्यांनी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला.

आजच्या व्हेनेझुएला देशातून वाहणारी ओरिनोको नदी ही कासिकियारे नावाच्या प्रवाहाने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याशी जोडलेली आहे, असे तिकडचे धर्मोपदेशक सांगत. युरोपातील अनेक विद्वानांना मात्र ते खरे वाटत नसे. याचा निर्णय स्वतः पाहून करावा, म्हणून १८०० सालच्या मार्चअखेर दोघे मित्र जलप्रवासास निघाले. पुढे त्यांना मिळालेली होडी म्हणजे एकच झाड कोरून केलेली, लांबीला ४० फूट आणि रुंदीला जेमतेम ३ फूट! नदीत सुसरी होत्या, काठावर जग्वार होते. पण त्यांची भीती कधीमधीची. रात्रंदिवस छळ मांडला तो डासांनी.

तोंड व हात झाकून घ्यावे, तर लेखणी धरता येईना. उघडे ठेवावे, तर यंत्र स्थिर राहीना. अशा स्थितीतही हंबोल्ट त्या शत्रूचे निरीक्षण करू लागला. दिवसभर चावे ती बारीक माशी, संध्याकाळी येई ती निराळी जात आणि रात्री लांब पायांचे डास. पहाऱ्यावरील शिपायांप्रमाणे या टोळ्या आपापल्या पाळ्या सांभाळीत. डोळे मिटूनही केवळ गुणगुणण्यावरून वेळ ओळखता यावी, इतक्या त्या नेमक्या होत्या. नदीकाठचे लोक सकाळी भेटले, की क्षेमकुशलाऐवजी रात्रीच्या डासांचीच विचारपूस करीत. कासिकियारेच्या काठी वीस वर्षे काढलेल्या एका वृद्ध धर्मोपदेशकाचे पाय चाव्यांच्या डागांनी असे भरून गेले होते, की मूळची गोरी कातडी दिसेनाशी झाली होती.

हे कीटक जमिनीपासून १५-२० फुटांपर्यंतच दाटीने असतात, हेही हंबोल्टच्या ध्यानात आले. आतुरेस या गावी तेथील धर्मोपदेशकाने ताडाच्या खोडांचा उंच माळा करून त्यावर खोली बांधली होती. संध्याकाळी शिडीने तेथे चढावे, रोपे वाळवावी, टिपणे लिहावी, असा दोघांचा क्रम होता. असा माळा नसे तेथे बोंप्लां एखाद्या खिडकी नसलेल्या भट्टीवजा खोपटात रांगत शिरे. आत ओल्या फांद्यांचा धूर केलेला असे. धुराने डास पळत, पण बिचाऱ्या बोंप्लांचाही जीव गुदमरे. काही उपनद्यांचे पाणी चहासारखे काळसर होते. तेथे डास जवळजवळ नाहीसे होत. कासिकियारेच्या गढूळ पाण्यावर मात्र त्यांनी पुन्हा गाठले. तरीही मे महिन्यात तो सारा प्रवाह ओलांडून दोघे पुन्हा ओरिनोकोवर आले. दोन्ही नद्यांचा संबंध त्यांनी प्रत्यक्ष पाहिला.

जूनमध्ये ते अंगोस्तुरा गावी पोचले आणि दोघांनाही तापाने घेरले. हंबोल्ट लवकर बरा झाला. बोंप्लांची आशा मात्र सुटत चालली. ओरिनोकोची वाट आपणच निवडली, मित्रावरचे हे संकट आपल्या हट्टाचे फळ, या विचाराने हंबोल्टचे मन पोळत राही. जवळजवळ महिनाभर त्यांना तेथे थांबावे लागले. अखेर बोंप्लां सावरला. तापाचे खरे कारण त्या काळी कोणासच उमगलेले नव्हते. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस याला आपल्या देशात, सिकंदराबाद येथे दिसले ते १८९७ साली!

दोघे मित्र पुढे अँडीज पर्वतावर चढले व १८०४ मध्ये युरोपास परतले. हंबोल्ट ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे वारला. त्याच्या प्रवासवर्णनात ओरिनोकोच्या डासांसाठी कित्येक पाने खर्ची पडली आहेत.